बाईंची बदली

आमच्या शाळेत घंटेच्या आधी वेण्या व्हायच्या. ओसरीवर द्वारकाबाई मांडी घालून बसायच्या. शेजारी तेलाची बाटली आणि दोन दात मोडलेली मोठी फणी. त्यांच्यापुढे एक मुलगी, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी, अशी थेट पायरीपर्यंत रांग. मागचीनं पुढचीची वेणी घालायची आणि जिची वेणी चालू आहे तिनं पाढा म्हणायचा. पाढा चुकला की बाई म्हणायच्या, "उसव!" आणि निम्मी झालेली वेणी पुन्हा मोकळी व्हायची. मला तेराचा पाढा आजही बिनचूक येतो आणि तो म्हणताना मानेवर केस ओढल्यासारखं वाटतं.

शाळा बघायला आलेला पाहुणा हा प्रकार पाहून हसायचा. ही शाळा आहे की न्हाणीघर, असंही एकानं विचारलं होतं. पण त्या वेण्यांमागे बाईंचं डोकं होतं. त्या आमच्या गावात रुजू झाल्या तेव्हा वर्गात मुली जवळजवळ नव्हत्याच. बाई घरोघर फिरल्या. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं, "पोट्टीचं मनच नाही शाळेत." बाईंनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्या सकाळी सकाळी गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना खरं कारण दिसलं. आया उजाडताच शेतात निघून जायच्या. मुलीची वेणी घालायला घरात कोणी उरायचं नाही. आणि मोकळे केस घेऊन गल्लीतून गेलं की म्हाताऱ्या बायका "अवदसा आली" म्हणून ओरडायच्या. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं मुली ठरवायच्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी निरोप धाडला, "जशी हायेस तशी ये. डोक्यावर फडकं घे अन् ये. वेनी मी घालतो."

आमच्याकडे बायकाही 'मी घालतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याकडच्या माणसांना त्याचं हसू येतं, येऊ दे. बाई वर्गात पुस्तकातली मराठी बोलायच्या, अगदी शुद्ध, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की पुन्हा आमच्यासारख्या. त्या नेहमी एक वाक्य म्हणायच्या, ते अशा बाहेरच्या भाषेतलं होतं. "मन नाही अशी पोरगी म्या पाह्यली नाही. येळ नाही अशा लय पाह्यल्या."

आमचं गाव वरवट बकालहून बैलगाडीच्या वाटेनं आत. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून गावकरी माझ्या दारात येतील, आणि माझं वय आता भांडण्याचं राहिलेलं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सातवीपर्यंत शाळा होती, ही आमच्या गावाची मोठी मिजास. शिकवायला दोन गुरुजी आणि या एकट्या बाई. मुली शाळेत दिसायच्या त्या फक्त बाईंमुळे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

वेण्यांनंतर बाईंनी झोळ्या आणल्या. धाकटं भावंड सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलींना त्या म्हणाल्या, "घेऊन ये त्यालेबी." वर्गाच्या आढ्याला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या गेल्या. आम्ही नद्यांची नावं पाठ करायचो आणि एका हातानं दोरी ओढायचो. एकदा शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि झोळीतून बाहेर आलेल्या दोन पायांकडे बोट दाखवून विचारलं, "हे मूल पटावर आहे का?"

"नाही साहेब," बाई शुद्ध भाषेत म्हणाल्या. "पण ते इथे आहे म्हणून त्याची बहीण पटावर आहे."

साहेब दाराकडे वळले. जाताना मात्र झोळीला एक हलका झोका देऊन गेले, असं आमच्या वर्गातल्या मुली शपथेवर सांगायच्या.

एवढं वाचून कोणाला वाटेल की बाईंना आमच्या गावाचं फार वेड होतं. अजिबात नव्हतं. बाईंना आमचं गाव आवडायचं नाही आणि त्या ते लपवतही नसत. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही, चहा तर विचारूच नका. बाई रोज चहाचा पहिला घोट घ्यायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "बाप्पा! कोन्या जल्मीचं पाप हाय हे!" त्या शेगावच्या. लहानपणीच विधवा होऊन मामाच्या घरी आल्या. दिवसभर ही घरात बसून करणार काय, म्हणून मामांनी शाळेत घातलं आणि शिकता शिकता त्या मास्तरीण झाल्या. मामा गेले, मामी गेली, घर दुसऱ्याचं झालं, तरी शेगाव म्हटलं की बाईंचा चेहरा उजळायचा. दर उन्हाळ्यात त्या बदलीचा अर्ज करायच्या. सगळ्या गावाला ठाऊक असायचं. बायका विचारायच्या, "बाई, शेगावात आता कोन हाय तुमचं?"

"कोनी नाही," बाई सांगायच्या. "मी हावो नं तिथची."

हे उत्तर आमच्या गावात कोणाला समजायचं नाही. मला ते कळायला स्वतः नोकरी करावी लागली. आमच्या गावात बाईंच्या दाराला कडी लागली की सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. कुठं चालल्या, कुठून आल्या, कोणाशी बोलल्या, पिशवीत काय आहे. एकट्या विधवा बाईवर गावाची नजर असते. आमच्या गावाची नजर मायेची होती, पण नजर ती नजरच. शेगावला, बाई म्हणायच्या, देवळाच्या गर्दीतून चाललं की कोणी ढुंकून पाहत नाही. स्टेशनच्या बाकड्यावर तासभर बसलं तरी कोणी विचारत नाही की बाई, कोणाची वाट पाहून राहिल्या. "माह्यी मी बसतो अन् गाड्या पाह्यतो," असं त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या मुलीसारखा व्हायचा.

अर्ज जायचे आणि दरवर्षी काही उत्तर यायचं नाही. वरिष्ठांना आपली आठवण नाही, असं बाई समजत होत्या.

त्या वर्षी मी पाचवीत होते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या आवारात कार्यक्रम होता. गावानं बाईंचा सत्कार ठेवला होता. टेबलावर नारळ आणि एक जरीकाठी लुगडं. माझे वडील भाषणाला उभे राहिले. त्यांना सारं गाव आप्पा म्हणायचं आणि आम्ही घरीही तेच म्हणायचो. आप्पांना भाषणाची फार हौस. मिशीला पीळ देऊन त्यांनी सुरुवात केली.

"मंडळी, आज एक गोष्ट सांगतो. बाईले बी ठाऊक नाही. या उन्हाळ्यात बाईची बदली झाली व्हती, शेगावले!" आप्पा थांबले. लोकांनी माना पुढे केल्या. "आमाले खबर लागली. आमी चार जनं मोटरीत बसलो अन् सिद्धे बुलढान्याले गेलो. सायबाले हात जोडले. म्हनलं, सायेब, बाई आमची लक्षुमी हाय, घरातली लक्षुमी कोनी बाहीर धाडते का? सायबानं तिथंच बदली रद्द केली! अन् हे काही पह्यल्यांदा नाही मंडळी, आमी दरसाल ध्यान ठेवतो!"

टाळ्या काय पडल्या! आप्पांना वाटलं होतं, बाईंचे डोळे भरून येतील. चांगल्या मनानं केलेलं काम चांगलंच असतं, असं त्यांचं साधं गणित होतं. बायका तर पदरानं डोळे पुसत होत्या. बाई खुर्चीवर ताठ बसलेल्या होत्या. मी अगदी पुढच्या रांगेत होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या उठल्या. नारळ उचलून त्यांनी पोरांना फोडायला दिला. लुगड्याला हात लावला नाही. कोणाला काही न बोलता त्या आपल्या खोलीकडे चालत गेल्या आणि कडी लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"आनंदानं झालं असं," आप्पा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी होती. आम्ही फडकी बांधून आलो आणि पायरीवर बसून राहिलो. घंटा झाली तेव्हा बाई आल्या, हजेरी घेतली, धडा शिकवला, उत्तम शिकवला. सुटीची घंटा होताच खोलीत गेल्या. वेणी नाही, झोळी नाही, कोणाच्या घरी जाऊन चौकशी नाही. आप्पांनी धीर करून विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"चांगली हावो," बाई म्हणाल्या. "नौकरी करून राह्यली. सायबानं जे सांगतलं ते."

त्यांनी कोणतंही काम टाळलं नव्हतं. तक्रार करायला जागाच नव्हती. पण मुली गळायला लागल्या. आधी झोळीवाल्या, मग वेणीवाल्या. मूग तोडणी आली तशी वर्गातली आमची बाजू ओसाड झाली. तेव्हा कुठं गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. साहेबाला हात जोडून गावानं अडवून ठेवली होती ती फक्त बाईंची नोकरी. मुलींना शाळेत आणणारं सगळं बाई आपल्या खुशीनं करत होत्या आणि ती खुशी काही साहेबाच्या हातात नव्हती.

एका सकाळी गावची मंडळी बाईंच्या दारात जमली. आप्पा पुढे. मी त्यांच्या मागे मागे गेले होते. बाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"आमचं काय चुकलं ते तरी सांगा," आप्पा म्हणाले.

"मले इचारलं तुमी?" बाई म्हणाल्या. "आप्पा, गोठ्यातली गाय इकाची नाही असं घरधनी ठरवते, ते ठीक हाय. गाईले बोलता येत नाही. मले तं येते! तुमी बुलढान्यापावतर गेले, पन माह्या दारापावतर नाही आले."

आप्पा म्हणाले, अगदी हळू, "आलो असतो अन् इचारलं असतं, तं तुमी गेल्या असत्या."

"हाव. गेली असती," बाई म्हणाल्या. "काऊन बांधलं तुमी मले?"

"पोरीसाठी. तुमी गेल्या की पोरी घरी बसतीन."

यावर बाईंनी जे सांगितलं त्याची चर्चा पुढे पंचक्रोशीत झाली. त्या म्हणाल्या, "ठीक हाय. पोरीसाठी बांधलं नं? मंग पोरीलेबी बांधा. मी इथं राह्यतो. पन आजपासून एकबी पोरगी सातवी व्हायच्या आंधी शाळेतून निंगनार नाही. ना वेचनीसाठी, ना लेकरासाठी, ना लग्नासाठी. ज्या दिवशी एक निंगाली, त्या दिवशी मी शेगावच्या मोटरीत. अन् मंग कोनी सायबाकडे जायाचं नाही. हाय कबूल?"

मारुतीच्या पारावर बेलभंडार उचलून शपथा झाल्या. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. सगळ्यांत आधी हात आप्पांनी पुढे केला, कारण सगळ्यांत जास्त ओशाळलेले तेच होते. दुसऱ्या दिवशी ओसरीवर फणी आली. वेणी घालताना बाईंनी माझे केस जरा जास्तच ओढले, तो राग आप्पांचा होता हे मी समजून घेतलं.

एक सांगायला हवं. बाई त्यानंतर काही गोड झाल्या नाहीत. खारा चहा पिताना तेच तोंड, तोच उद्गार. अर्ज करणं मात्र थांबलं. शेगावचं नाव त्या काढेनाशा झाल्या, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी, मी सहावीत असताना, शपथेची परीक्षा झाली आणि ती आमच्याच घरात झाली. शेतात सीतादही करून कापसाची वेचणी सुरू झाली. पहिल्या बोंडांची पूजा करून दहीभात शिंपडतात, ती सीतादही. त्याच संध्याकाळी माय धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरली आणि तिचा पाय मोडला. हाडवैद्यानं पट्ट्या बांधून तिला खाटेवर निजवलं. घरात दोन लहान भाऊ, गोठ्यात जनावरं, शेतात पांढरा झालेला कापूस. भाकरी थापणारी मी एकटी. मी शाळेत जाणं बंद केलं. आप्पांनी मला जाऊ नको म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्यांनी स्वतःपुरती एक पळवाट काढली होती. बाई चौकशीला आल्या तेव्हा ती त्यांनी पुढे केली.

"कुसुमचं नाव हाय नं बाई शाळेत. नाव कुठी काढलं आमी?"

"मले नाव शिकवाचं नाही आप्पा," बाई म्हणाल्या. "उंबरा वलांडून पोरगी आली पाह्यजे."

आप्पा खाली मान घालून गोठ्याकडे गेले. मी चुलीपुढे होते. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मी जे बोलले ते कित्येक दिवस मनात घोळवत होते. गावात सगळ्यांना भीती होती की मी शाळा सोडली तर बाई जातील. आणि मला तर त्याच एका गोष्टीचा आनंद होत होता.

"बाई," मी म्हटलं, "मी शाळा सोडतो. खरोखरची सोडतो. मंग तुमाले शेगावले जाता येईन. आप्पानं शपथ घेतली हाय, आता कोनी अडवनार नाही."

बाईंचा हात उठला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तो हात तसाच राहिला आणि मग त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. बाईंना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या रडत होत्या आणि मला शिव्याही देत होत्या.

"अवं येडे! मले शेगाव पाह्यजे, हे खरं हाय. लय पाह्यजे. पन तू इथं चुलीत तोंड घालून बसशीन, अन् मी तिथं ठेसनावर बसून गाड्या पाहीन? मले गाड्या दिसतीन का वं? तुह्यं तोंड दिसन." त्यांनी नाक पुसलं. "अन् हे पाह्य. मी तुह्यासाठी राह्यली असं मनात आनू नको. मले बांधलं म्हनून मी राह्यली. माह्यं ओझं तू कायले उचलतं? तू आपल्यासाठी शिक. मी माह्यं पाहून घेतो."

मग त्यांनी ताटातली गरम भाकर उचलली, तिच्यावर तिखट घेतलं आणि तिथंच बसून खाल्ली. "खारट झाली," म्हणाल्या. पिठात मीठ घातलंच नव्हतं. ते आमच्या विहिरीचं पाणी.

हे सगळं आप्पा गोठ्यातून ऐकत होते. मला ते नंतर मायनं सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती धुरानं. चुलीपुढे आप्पा बसले होते. मिशीला पीठ लागलेलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तव्यावर एक काळा गोळा. आमच्या गावात पुरुषानं चुलीपुढे बसणं ही तोवर ऐकिवात नसलेली गोष्ट होती. माय खाटेवरून ओरडत होती, "उठा हो! लोकं पाहून राह्यले!" आणि खरंच, दाराशी बायका जमल्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"पाहू दे," आप्पा म्हणाले. "भंडार म्या उचलला व्हता. तू जाय वं कुसुम शाळेत."

मी गेले. फडकं बांधून, पाटी घेऊन, धावत. आप्पांच्या त्या भाकरी माझ्या भावांनी दोन दिवस खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा शेजारच्या बायकांना राहवेना. त्यांनी आपसात पाळी लावली. आज या घरची भाकर, उद्या त्या घरची. मायचा पाय बरा होईपर्यंत आमची चूल गावानं चालवली. त्यांनाही बाई हव्या होत्या, हे तर होतंच. पण नंतर दुसऱ्या घरी कोणी आजारी पडलं, बाळंत झालं, तरी ती पाळी न बोलावता जाऊ लागली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं आंधीच केलं असतं, तं मले बांधाची गरज काय व्हती?"

मी सातवी झाले. पुढे मायनं हट्ट धरून मला बुलढाण्याला शिकायला ठेवलं. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग झालं. नोकरीचं गाव मागायची वेळ आली तेव्हा मी आमच्याच गावाचं नाव सांगितलं. साहेब चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले. त्या गावाला कोणी मागून घेतल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. आप्पांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि बाईंच्या दारात गेले. या वेळी आधी दारात गेले. "बाई," ते म्हणाले, "पोरगी आली. आता तुमी सांगसान तसं." बाईंनी बऱ्याच वर्षांनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

मोटर वरवटहून सुटायची. सगळं गाव बैलगाड्या जुंपून तिथवर आलं होतं. बायका रडत होत्या. बाई रडल्या नाहीत. त्यांनी खिडकीजवळची जागा पकडली, ट्रंक पायाशी ठेवली आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की रडणाऱ्यांनाही हसू आलं. मोटर सुरू झाली तेव्हा त्यांनी आप्पांना जवळ बोलावलं.

"आप्पा, कुसुमले बांधू नका. तिनं उद्या अर्ज केला, तं तिले जाऊ द्या."

आप्पांनी होकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "मी कुठी जातो बाई!"

"तसं नको म्हनू," बाई म्हणाल्या. "राह्यनं येगळं अन् अडकनं येगळं."

मी पुढे शेगावला त्यांच्याकडे अनेकदा गेले. एका खोलीत राहायच्या. दारात नळ, आत विजेचा दिवा. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसूही न देता चहा टाकला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "गोड हाय नं?" पाणी गोड, असं म्हणायचं होतं त्यांना. संध्याकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. भुसावळकडून एक गाडी आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. बाकड्यावर बाई पाय हलवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, गाव तुमची लय याद काढते."

"काढू दे. मले नाही येत." मग पाय हलवायचे थांबवून त्या म्हणाल्या, "खोटं कायले बोलू? मले तिथं राह्यनं आवडलं नाही. तुमाले शिकवनं आवडलं. लय आवडलं. दोनी खरं हाय, पन लोकाले एकच आयकाचं राह्यते."

बाई शेगावातच गेल्या, झोपेत, गाजावाजा न करता. शेवटच्या भेटीत त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. तरी माझा हात धरून त्यांनी विचारलं, "अजून तिथंच हायेस?"

"हो बाई."

"कोनी बांधलं तं नाही?"

"नाही बाई."

"मंग ठीक हाय," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलं. दर उन्हाळ्यात बदल्यांचे अर्ज मागवले जायचे आणि नवे साहेब आले की मला विचारायचे, बाई, एवढी वर्षं एका जागी, आता कायमच्या इथल्याच समजायच्या का? गावातली मंडळीही आशेनं माझ्याकडे पाहायची. त्यांना माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं असायचं. मी कधी हो म्हटलं नाही. माझ्या मनात जायचं नव्हतं, तरी नाही. मी दरवर्षी साहेबांना एवढंच सांगायचे, "अर्ज करीन साहेब. यंदा नाही."